नोट, धनादेश आणि देशाबाहेरील धारक : आखाती रुपयाचा इतिहास (१९३९–१९७०)

१

परकीय हुंडणावळीवर नियंत्रण ठेवू पाहणाऱ्या कोणत्याही राज्यसंस्थेस प्रथम एक भेद करावा लागतो. देशात राहणारा कोण व देशाबाहेर राहणारा कोण, हा तो भेद होय. हा भेद राष्ट्रीयत्वाचा नसून निवासाचा असतो. मुंबईत पेढी चालविणारा परदेशी व्यापारी या दृष्टीने देशातील ठरतो, आणि कुवेतमध्ये कारकुनी करणारा भारतीय देशाबाहेरील ठरतो. देशाबाहेरील व्यक्तीस केलेले प्रत्येक देणे म्हणजे देशाच्या परकीय गंगाजळीवरील संभाव्य मागणी, ही या सर्व निर्बंधांमागील मूळ कल्पना आहे.

हा भेद कागदावर करणे सोपे असले, तरी व्यवहारात तो कितपत पाळता येईल हे देणे कोणत्या साधनाने दिले जाते यावर अवलंबून असते. धनादेशावर नाव असते, तो बँकेच्या खात्यातून जातो, आणि त्या खात्यावर 'अनिवासी' असा शिक्का मारता येतो. नोटेवर कोणाचेही नाव नसते. ती ज्याच्या हाती असेल त्यास तिच्यावर लिहिलेली रक्कम देण्याचे वचन तिने दिलेले असते, आणि तो धारक कोठे राहतो याची पृच्छा ती करीत नाही. त्यामुळे धनादेशाचे नियमन हा बँकांच्या हिशेबवह्यांचा प्रश्न राहतो, तर रोखीचे नियमन हा सीमेवरील झडतीचा प्रश्न होऊन बसतो.

भारतीय रुपयाच्या इतिहासात या दोन साधनांतील अंतर एका प्रसंगी फार तीव्रतेने प्रत्ययास आले. इराणच्या आखातातील अरब राज्यांत भारतीय नोटा दैनंदिन चलन म्हणून वापरल्या जात होत्या. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने या प्रदेशासाठी निराळ्या रंगाच्या, निराळ्या क्रमांकाच्या आणि भारतात न चालणाऱ्या नोटा काढल्या. 'सोन्याच्या चोरट्या आयातीस आळा घालण्याचा उपाय' एवढेच या घटनेचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. निवासाचा जो भेद १९३९ पासून खात्यांवर लादला गेला होता, तो १९५९ मध्ये प्रत्यक्ष नोटेवर छापला गेला. त्याचा परिणाम सोन्याच्या व्यापारापेक्षा रुपयाच्या आंतरराष्ट्रीय स्थानावर अधिक झाला, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

दुसऱ्या महायुद्धास १९३९ च्या सप्टेंबरमध्ये प्रारंभ होताच हिंदुस्थान सरकारने भारत संरक्षण नियमांखाली हुंडणावळीवर नियंत्रण आणले व त्याची अंमलबजावणी रिझर्व्ह बँकेकडे सोपविली. युद्धकालात या नियंत्रणाचा रोख मुख्यतः स्टर्लिंग क्षेत्राबाहेरील देशांकडे होता. डॉलर व इतर दुर्मिळ चलने युद्धकार्यासाठी राखून ठेवणे हा त्याचा उद्देश होता. स्टर्लिंग क्षेत्रातील देशांशी होणारे व्यवहार बव्हंशी मोकळे होते, आणि आखातातील राज्ये याच क्षेत्रात मोडत असल्याने तेथील रुपयाच्या वापरास या नियमांची झळ पोहोचली नाही.

युद्ध संपल्यावर नियंत्रण उठविण्याऐवजी त्यास स्वतंत्र कायद्याचे रूप देण्यात आले. १९४७ चा परकीय हुंडणावळ नियमन कायदा त्या वर्षीच्या २५ मार्चपासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीस, अथवा तिच्या नावे जमा होईल अशा रीतीने, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून देणे देण्यास बंदी केली. अशा व्यक्तीस पैसे मिळण्याचा हक्क उत्पन्न होईल अशी हुंडी किंवा वचनचिठ्ठी लिहिण्यास, अथवा तिचे कर्ज मान्य करण्यासही, त्याच कलमाने मज्जाव केला. सहाव्या कलमात अडकवून ठेवलेल्या खात्यांची तरतूद होती. आठव्या कलमाने चलनी नोटा, सोने व चांदी यांच्या ने-आणीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारास दिला. त्याच वर्षी स्टर्लिंग क्षेत्राशी होणारे व्यवहारही नियंत्रणाच्या कक्षेत आणले गेले. प्रथम मुदतीपुरता असलेला हा कायदा १९५७ मध्ये कायम करण्यात आला.

या रचनेत पाचवे व आठवे ही दोन कलमे एकमेकांस पूरक होती. पाचवे कलम लेखी साधनांसाठी होते व त्याचे रखवालदार म्हणजे अधिकृत परवाना मिळालेल्या बँका होत. परदेशी राहणाऱ्याच्या नावाचा धनादेश बँकेत येताच तो कशासाठी दिला गेला, परवानगी आहे किंवा नाही, हे विचारणे बँकेस भाग होते. आठवे कलम रोखीसाठी होते आणि त्याचे रखवालदार जकात खात्याचे अधिकारी होते. या दुसऱ्या कलमात एक मूलभूत उणीव होती. नोटा चोरून बाहेर नेणाऱ्यास ते शिक्षा करू शकत होते, पण बाहेर पोहोचलेली नोट त्याने निकामी होत नव्हती. ती रिझर्व्ह बँकेचे देणेच राहत होती.

३

ही उणीव अन्यत्र फारशी जाणवली नसती. जेथे रुपया चालत नाही अशा देशात चोरून नेलेली नोट अखेर कोणी तरी बदलून घ्यावी लागते, व तेथे तिला बट्टा बसतो. आखातात मात्र परिस्थिती निराळी होती. त्या प्रदेशाचे स्वतःचे असे चलनच नव्हते. रुपया हेच त्याचे चलन होते.

यास ऐतिहासिक कारणे होती. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार एकोणिसाव्या शतकात प्रथम मुंबई सरकारच्या व पुढे हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत चालत असे. बुशहर येथील रेसिडेन्सी १९४६ मध्ये बहारिन येथे हलविण्यात आली. तेथील टपाल कचेऱ्या हिंदुस्थानच्या टपाल खात्याच्या होत्या, व त्यांत हिंदी तिकिटांवर राज्याचे नाव छापून ती विकली जात. व्यापाराचा ओघही मुंबईकडेच वाहत होता. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई ही होती आणि तांदूळ, कापड, इमारती लाकूड हा माल हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतांनी तिकडे जात असे. मोत्यांच्या मोबदल्यात मिळालेला चांदीचा रुपया त्या किनाऱ्यावर रुजला, आणि पुढे त्याच्याच मागोमाग कागदी नोटही रुजली. १९४७ नंतर राजकीय सूत्रे लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. चलन मात्र बदलले नाही. १९५७ मध्ये भारताने दशमान नाणी सुरू केली, तेव्हा बहारिन व कुवेत येथील ब्रिटिश टपाल कचेऱ्यांच्या तिकिटांवरील मूल्येही आण्यांऐवजी नव्या पैशांत छापली जाऊ लागली. दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे चलन किती खोलवर गेले होते, याचे हे लहानसे पण बोलके गमक आहे.

तथापि रुपयाचे हे क्षेत्र अगोदरपासूनच आकुंचन पावत होते. पूर्व आफ्रिकेतून तो १९२०–२१ च्या सुमारास गेला. इराकने १९३२ मध्ये दिनार सुरू केला. एडनमध्ये १९५१ साली पूर्व आफ्रिकेचा शिलिंग आला. १९५० नंतरच्या काळात कुवेत, बहारिन, कतार, ट्रूशियल राज्ये आणि मस्कत व ओमान एवढाच प्रदेश उरला होता. मात्र याच प्रदेशात आता तेलाचा पैसा येऊ लागला होता. बहारिनमध्ये १९३२ साली तेल सापडले, आणि कुवेतहून १९४६ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. मजुरी, घरभाडे, बाजारहाट हे सर्व रुपयांतच चाले. या वाढत्या अर्थव्यवस्थेस जेवढ्या नोटा लागत, तेवढ्या तेथील बँका स्टर्लिंग देऊन भारताकडून घेत, आणि जास्त झालेल्या नोटा परत करून स्टर्लिंग मिळवीत. दर रुपयास १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडास १३⅓ रुपये, असा ठरलेला होता.

या व्यवस्थेत भारताचा तोटा नव्हता. बाहेर चालणारी प्रत्येक नोट म्हणजे त्या लोकांनी भारतास दिलेले बिनव्याजी कर्जच होय. परंतु कर्ज ते कर्ज, आणि तेही दर्शनी मागता येणारे. ज्या नोटा स्टर्लिंग देऊन घेतलेल्या होत्या त्याच परत येत होत्या, तोवर हिशेब जुळत होता. चोरून नेलेल्या नोटा त्यांच्यात मिसळू लागताच तो बिघडला.

४

बिघाडाचे कारण सोने होते. १९४७ पासून सोन्याच्या खासगी आयातीस भारताने बंदी केली होती. सोन्याची आंतरराष्ट्रीय अधिकृत किंमत औंसास ३५ डॉलर होती. रुपयाच्या तत्कालीन दराने ती तोळ्यास ६२ रुपये ५० पैसे पडे. मुंबईच्या बाजारात हाच तोळा १९५७ नंतर शंभर रुपयांच्या वर विकला जात होता. लग्नकार्यासाठी लागणारे दागिने, बँकांपासून दूर असलेल्या ग्रामीण कुटुंबांची बचत, आणि कराच्या नजरेआड ठेवावयाचे धन, या तिन्ही कारणांनी मागणी कायम होती व कायदेशीर पुरवठा जवळजवळ बंद होता.

व्यवहाराचे गणित साधे होते. चोरट्या व्यापारात दहा तोळ्यांचे बिस्किट हे परिमाण रूढ होते. अधिकृत दराने त्याची किंमत ६२५ रुपये, म्हणजे ४६ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स इतकी होई. तोळ्यास शंभर रुपये एवढाच भाव धरला, तरी मुंबईस त्याचे हजार रुपये येत. हजार रुपये म्हणजे ७५ पौंड. वाहतूक, लाच व जोखीम यांचा खर्च वजा जाता उरणारा नफा भरपूर होता. आखातातील व्यापारी स्टर्लिंग देऊन सोने विकत घेई, ते गलबतांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरविले जाई, आणि त्याबद्दल भारतीय नोटा मिळत.

आता या नोटांचे काय करावयाचे, हा प्रश्न अन्य कोणत्याही देशातील चोरट्या व्यापाऱ्यास पडला असता. मुंबईच्या बँकेत त्या भरून परदेशी व्यापाऱ्याच्या नावे धनादेश काढणे शक्य नव्हते, कारण तेथे पाचवे कलम आडवे येत होते. आखाती व्यापाऱ्यास मात्र धनादेशाची गरजच नव्हती. नोटांचे पुडके आलेल्या गलबतातूनच परत जाई. तेथे पोहोचताच त्या नोटा बाजारातील इतर नोटांत मिसळून जात, बँकेत भरल्या जात, आणि बँक त्या रीतसर मुंबईस पाठवून स्टर्लिंग मागे. स्टर्लिंग देऊन घेतलेली नोट कोणती व सोन्याच्या बदल्यात पळविलेली नोट कोणती, हे ओळखण्याचे कोणतेही साधन रिझर्व्ह बँकेजवळ नव्हते. स्वतःच्या सहीची नोट नाकारणे तिला शक्य नव्हते.

अशा रीतीने ज्या सोन्याच्या आयातीस कायद्याने बंदी केली होती, त्याचीच किंमत शेवटी रिझर्व्ह बँक आपल्या स्टर्लिंगमधून चुकती करीत होती. धनादेशाचा दरवाजा बंद असताना रोखीचा दरवाजा उघडा होता, आणि तो उघडा ठेवण्याचे बंधन बँकेच्या वचनातूनच आलेले होते.

५

हे वर्षानुवर्षे चालू शकले असते, पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने परिस्थिती पालटली. यंत्रसामग्रीच्या मोठ्या आयातीमुळे १९५६ पासून परकीय गंगाजळी झपाट्याने उतरू लागली. नोटांच्या पाठीशी ठेवावयाच्या परकीय रोख्यांचे व सोन्याचे किमान प्रमाण १९५६ मध्ये बदलावे लागले, आणि १९५७ मध्ये ते आणखी खाली आणून दोन्ही मिळून २०० कोटी रुपये, त्यांपैकी ११५ कोटींचे सोने, असे ठरविण्यात आले. १९५८ च्या ऑगस्टमध्ये भारतास साहाय्य देणाऱ्या राष्ट्रांची पहिली बैठक भरली. एकेक पौंड मोजून खर्च करण्याची पाळी आली असता आखातातून येणाऱ्या नोटांच्या मागणीकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

मोरारजी देसाई अर्थमंत्री व एच. व्ही. आर. अय्यंगार रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना, १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून २८-अ हे कलम घालण्यात आले. भारताबाहेर चालणाऱ्या नोटांचे नियंत्रण करण्यासाठी विशेष बँक नोटा व विशेष एक रुपयाच्या नोटा काढण्याचा अधिकार या कलमाने दिला. या नोटा भारतात कायदेशीर चलन नसतील, हे त्यात स्पष्ट केलेले होते. आखातासाठी १, ५, १० व १०० रुपयांच्या नोटा निघाल्या. त्यांची आकृती नेहमीच्या नोटांसारखीच होती, पण रंग वेगळे होते व क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर होते. आखातातील लोकांस जवळच्या सामान्य नोटा बदलून घेण्यासाठी मुदत देण्यात आली. ती संपल्यावर सामान्य भारतीय नोट आखातात निरुपयोगी झाली, आणि मुंबईहून पळविलेल्या नोटांचे पुडके तेथील बँकेत भरता येईना.

याच तरतुदीखाली हाजच्या यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा काढण्यात आल्या. मुंबई बंदरातून दरवर्षी यात्रेकरूंची जहाजे जेद्दास जात. या लोकांजवळ धनादेश नसे व परदेशी बँकेत खातेही नसे. कमरेच्या कशात बांधलेली रोकड हेच त्यांचे साधन होते. पाकिस्तानने १९५० पासूनच अशा नोटा काढल्या होत्या. यात्रेकरूने किती रक्कम न्यावी हे ठरवून तेवढ्याच विशेष नोटा त्यास दिल्या, की सौदी अरबस्तानातून परत येणाऱ्या नोटांची मर्यादा आपोआपच ठरते. चोरट्या व्यापाराशी काडीचाही संबंध नसलेल्या यात्रेकरूसही त्याच नियमाच्या चौकटीत बसविले गेले, कारण नियमाच्या दृष्टीने तोही देशाबाहेर रोख खर्च करणारा धारक होता.

तांत्रिकदृष्ट्या ही योजना चातुर्याची होती. धारक कोण हे ओळखता येत नाही, तर नोटच ओळखता येईल अशी करावी, हे तिचे सूत्र होय. खात्यास जसा निवास असतो तसा आता नोटेसही निवास प्राप्त झाला.

६

या योजनेचा दुसरा परिणाम तिच्या कर्त्यांस अभिप्रेत होता असे म्हणता येणार नाही. सामान्य नोट चालत होती तोवर आखातातील माणूस भारतीय अर्थव्यवस्थेच्या चलनातच व्यवहार करीत होता. त्याच्या नोटेने मुंबईच्या बाजारात थेट माल घेता येत होता. विशेष नोटेने तसे करता येईना. तिचा स्वीकार करणाऱ्यास मिळत होते ते केवळ ठरलेल्या दराने स्टर्लिंग मिळण्याचे आश्वासन. परंतु स्टर्लिंगचेच आश्वासन हवे असेल, तर ते स्वतःचे चलन काढूनही देता येते. आणि तेलाच्या उत्पन्नामुळे या राज्यांजवळ स्टर्लिंगची वाण नव्हती. शिवाय चलन काढण्याचा लाभ परक्या मध्यवर्ती बँकेस का द्यावा, हा प्रश्न आता उघड दिसू लागला, कारण बाहेर असलेल्या नोटा आता वेगळ्या मोजता येत होत्या.

कुवेतने याबाबत विलंब लावला नाही. १९६० मध्ये चलनविषयक कायदा करून १ एप्रिल १९६१ रोजी त्याने दिनार सुरू केला. तो पौंडाबरोबर, म्हणजे १३⅓ रुपयांस एक, असा होता. राजकीय स्वातंत्र्य त्यानंतर जूनमध्ये आले. चलनाचे स्वातंत्र्य अगोदर आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. बहारिनने १९६५ मध्ये दहा रुपयांस एक या दराने आपला दिनार काढला. काढून घेतलेल्या प्रत्येक नोटेबद्दल भारतास स्टर्लिंग देणे प्राप्त होते. १९५९ च्या उपायाने गळती थांबली, परंतु मुद्दलाची मागणी मात्र जवळ आली.

शेवटचा आघात ६ जून १९६६ रोजी झाला. त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला व पौंड १३⅓ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. भारतात या निर्णयाची चर्चा निर्यात, परकीय मदत व राजकीय दडपण या अंगांनी झाली. कतार व ट्रूशियल राज्यांतील दुकानदार, मजूर व कोळी यांच्या गाठीस असलेल्या विशेष नोटांचे स्टर्लिंगमधील मूल्यही त्याच दिवशी एक तृतीयांशाहून अधिक उतरले, ही बाब त्या चर्चेत क्वचितच आली. भारताच्या व्यापारातील तुटीशी या धारकांचा काही संबंध नव्हता. भारतात महागलेल्या मालाचा वा निर्यातवाढीचा लाभही त्यांना मिळणार नव्हता. त्या राज्यांनी तातडीने रुपया सोडला. अबू धाबीने बहारिनचा दिनार स्वीकारला. कतार, दुबई व इतर राज्यांनी काही काळ सौदी रियालचा आश्रय केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कतार व दुबई यांचा संयुक्त रियाल निघाला. केवळ मस्कत व ओमान येथे रुपयाचा वापर १९७० पर्यंत रेंगाळला. त्या वर्षी तेथेही रियाल सईदी आला, आणि शतकाहून अधिक काळ चाललेले एक प्रकरण संपले.

७

ज्या हेतूने हे सर्व केले तो साध्य झाला काय, या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. नोटा पळवून त्यांचे स्टर्लिंग करण्याचा मार्ग बंद झाला, हे निर्विवाद आहे. सोन्याचा चोरटा व्यापार मात्र थांबला नाही. मुंबईचा भाव व आंतरराष्ट्रीय भाव यांतील अंतर कायम होते, तोवर तो थांबण्याचे कारणही नव्हते. त्याची किंमत चुकती करण्याची साधने तेवढी बदलली. चांदी चोरून बाहेर जाऊ लागली, निर्यातीच्या बिलांत किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम परदेशी ठेवली जाऊ लागली, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीयांनी घरी पाठवावयाचे पैसे हवालामार्गे वळविले जाऊ लागले. या शेवटच्या प्रकारात नोट सीमा ओलांडतच नाही. दुबईत दिलेल्या पैशाबद्दल येथील गावात रुपये पोहोचतात, आणि झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यास काहीच सापडत नाही. सरकारने १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले, १९६८ मध्ये त्यांचा कायदा केला, आणि अखेर १९९० मध्ये तो मागे घेतला.

निर्बंधांपेक्षा सवलतीचा मार्ग अधिक फलदायी असू शकतो, हे ध्यानात येण्यास वेळ लागला. १९७० मध्ये अनिवासी बाह्य खात्याची योजना सुरू झाली, व परदेशी राहणाऱ्या भारतीयास आपण आणलेली रक्कम व्याजासह परत नेता येईल अशी हमी मिळाली. १९४७ च्या कायद्याची जागा १९७४ पासून अधिक कडक कायद्याने घेतली खरी. पण १ जून २००० पासून तोही जाऊन नियमनाऐवजी व्यवस्थापनाची भाषा करणारा कायदा आला. निवासाचा भेद त्यातही टिकून आहे. बदलला तो त्या भेदामागील संशय.

आखाती रुपयाचा इतिहास अभ्यासकास एका जुन्या प्रश्नाकडे परत नेतो. नोटेवरील वचन कोणासाठी असते? देशातील धारकास ते वचन देणाऱ्या सरकारवर मताचा, न्यायालयाचा, निदान ओरड्याचा तरी अधिकार असतो. देशाबाहेरील धारकास यांपैकी काहीच नसते, केवळ विश्वास असतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळमधील बँकांत व लोकांच्या हाती राहिलेल्या त्या नोटांचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला, यावरून ही अडचण केवळ १९५९ ची नव्हती हे स्पष्ट होते. आपले चलन परदेशात चालावे अशी इच्छा धरणाऱ्या राज्यास त्या चलनाच्या परदेशी धारकाची जबाबदारीही घ्यावी लागते. ती घेण्याची ऐपत भारतापाशी १९५९ साली नव्हती. त्या काळची गंगाजळी पाहता त्यास दोष देता येणार नाही. तथापि विशेष नोटेने जे वाचले त्याचा हिशेब मांडताना, मुंबईपासून मस्कतपर्यंत एकाच नाण्याने चालणारा जो बाजार होता तो गमावल्याची नोंदही खर्चाच्या बाजूस करणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.